कपाळावरची आठी

बँकेतल्या कॅशिअरने जाड काळ्या फ्रेमचा चष्मा नाकावर चढवला आणि आरशाकडे ढुंकूनही न बघता तो सवयीने चष्मेवाल्यांकडे वळला.

"हं, सांगा."

चष्मेवाले काउंटरपलीकडे उभे होते. उजवा हात पँटच्या खिशात, डावा काउंटरच्या काचेवर. त्यांनी कॅशिअरच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. कॅशिअर वाट बघत होता. गल्ल्याशी बसलेल्या त्यांच्या पत्नी, सगळ्या गल्लीच्या वहिनी, त्याही वाट बघत होत्या. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, तरी चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नुकताच गिलावा केलेल्या भिंतीसारखं सपाट कपाळ आणि त्याखाली दोन डोळे, पापणी न लवता बघणारे.

"एवढा वाईट दिसतोय?" कॅशिअरने विचारलं.

"चांगला आहे," चष्मेवाले म्हणाले. इतक्या हळू, की कॅशिअरला पुढे वाकावं लागलं.

"चांगला म्हणताय आणि बघताय असं, जसं काही मी तुमच्या पायरीवर मेलेलं मांजर आणून टाकलंय."

त्याने फ्रेम काढून काचेवर ठेवली, आपला जुना चष्मा चढवला, "बघतो पुन्हा कधी" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

वहिनींनी उघडा ड्रॉवर असा ढकलला, की काउंटरवर मांडलेले सगळे चष्मे काचेवर किणकिणले.

"गेला! आपल्या दुकानाशिवाय दुसऱ्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस तो. अहो, निदान मान तरी डोलवायची!"

"चांगला आहे म्हटलं ना."

"काय?"

"चांगला आहे म्हटलं."

"जरा मोठ्याने बोला. सुया कपाळात टोचून घेतल्यात का गळ्यात?"

चष्मेवाले वळले आणि लहान लहान पावलं टाकत मागच्या खोलीकडे निघाले. वरातीतला नवरदेवही त्यांच्याआधी मांडवात पोचला असता.

चष्म्याच्या दुकानात एक गंमत असते, ती चष्मा नसलेल्यांना कळायची नाही. नवी फ्रेम घालून बघायची तर जुना चष्मा उतरवावा लागतो, आणि नव्या फ्रेममध्ये अजून नंबर बसवलेला नसतो. नुसती साधी काच. म्हणजे माणूस आरशासमोर उभा राहतो तो आंधळ्यासारखा. समोर एक धुरकट गोळा आणि त्यावर दोन काळे डाग. आपण कसे दिसतो हे ठरवायच्या नेमक्या घटकेला आपणच आपल्याला दिसत नाही. देवाने ही थट्टा मुद्दाम करून ठेवली असावी, माणसाने दुसऱ्यावर थोडा तरी भरवसा ठेवावा म्हणून, असं वहिनींना नेहमी वाटे.

त्या गल्लीतली माणसं भरवसा ठेवत ती चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर. त्यांच्या भुवया मूळच्याच इतक्या दाट, की वर गेल्या की खाली आल्या ते मोठ्या नंबरवाल्यालाही धुक्यातून दिसे. फ्रेम शोभली की दोन्ही भुवया चढत. नाही शोभली की दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी पडे. तोंडाने ते काही म्हणोत, ती आठी लपवणं त्यांच्या हातात नव्हतं. वहिनींना ती बाजूनेच दिसे, आणि गिऱ्हाइकाने "दुसरी दाखवा" म्हणायच्या आत त्यांच्या हाताने पुढचा ड्रॉवर उघडलेला असे. लग्न झालं तेव्हापासून दुकान असं चाललं होतं. दोन भुवया आणि एक आठी एवढ्याच भांडवलावर.

आणि हे भांडवल या गृहस्थाने सत्तावन्नाव्या वर्षी, चांगल्या शुद्धीत, सुया टोचून बुडवलं होतं.

सुरुवात झाली ती मुलापासून. घरात त्याला सगळे चिरंजीव म्हणत. सत्तावीस वर्षांचा, उंच, हुशार, पण गालांवर वयात येताना आलेल्या पुटकुळ्यांचे खड्डे. लांबच्या शहरात चांगली नोकरी ठरली. तिथे रोज उठून लोकांसमोर उभं राहून बोलायचं काम. निघायला सहा-सात महिने होते. तेवढ्यात खड्डे भरून घेऊ म्हणून तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानावर जो त्वचेचा नवा दवाखाना निघाला होता, तिथे जाऊ लागला. बारीक बारीक सुयांचं एक यंत्र गालांवर फिरवायचे, रक्ताचे थेंब यायचे, मग चार दिवस चिरंजीव टोमॅटोसारखं तोंड घेऊन मागच्या खोलीत बसून राहायचा. रक्त बघून त्याला भोवळ येई, म्हणून पहिल्या खेपेला वडील बरोबर गेले.

त्या संध्याकाळी दोघं घरी आले. चहा घेताना वहिनींनी शेजारणीची गोष्ट सांगितली. तिने नवऱ्याचा हरवलेला चष्मा दिवसभर घरभर शोधला आणि शेवटी तो तिच्याच डोळ्यांवर सापडला. चिरंजीव सुजलेल्या गालांनीसुद्धा हसला. आबा, म्हणजे वहिनींचे सासरे, ठसका लागेपर्यंत हसले. चष्मेवाल्यांचा चेहरा जागचा हलला नाही.

वहिनींनी कप खाली ठेवला. जवळ जाऊन पाहिलं. कपाळावर एक सुरकुती हलत नव्हती.

"अहो, लेकाबरोबर तुम्हीही ती सुरकुत्या घालवायची सुई टोचून आलात की काय?"

चष्मेवाल्यांनी चहाचा घोट घेतला. मुलाकडे पाहिलं, मग कपात पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "थोडंसं. कपाळावर."

"बाबा!" चिरंजीव ओरडला. "मी आत क्रीम लावून तासभर डोळे मिटून पडलो होतो, आणि तुम्ही बाहेर हे धंदे? छुपे रुस्तम!"

"देवा रे देवा," वहिनी म्हणाल्या. "आणि हे उतरणार कधी?"

"चार महिन्यांनी, आई. आपोआप."

चार महिने! वहिनींनी त्या दिवशी कपाळाला हात लावला, तो अजून काढला नव्हता. कारण त्यानंतर यांची थेरंच सुरू झाली. चालायचं सावकाश, तोल सांभाळून, जसं कुणी फोटो काढतंय. उभं राहायचं ते खिशात हात घालून, पडद्यावरच्या नायकासारखं. बोलायचं ते ओठांतल्या ओठांत. चष्म्यांचे बारीक स्क्रू आवळायचं काम, ज्यात ते कुणाला हात लावू देत नसत, ते आता "तू कर" म्हणून मुलाकडे किंवा वहिनींकडे सरकवायचं. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं ठिक्कर झालं, तेव्हा हे तिथून दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते.

"घर जळालं असतं! वास नाही आला?"

"लक्ष नव्हतं."

"लक्ष कसं असेल? लक्ष सगळं थोबाडाकडे!"

घरातला दुसरा म्हातारा तरी गप्प बसेल? ते नाही. त्र्याऐंशीच्या आबांनी एके सकाळी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं, की आपल्याही डोळ्याखालची आणि गालावरची चामखीळ काढून घ्यायची.

"आबा, आता या वयात कुणाला दाखवायचंय?"

"सूनबाई, वर गेल्यावर तिथे ओळख पटवून घेतात म्हणे. तुझ्या सासूने मला पाहिलं ते बिनचामखिळीचं. तिने ओळखलं नाही तर मी उभा कुठे राहू?"

एका घरात तीन पुरुष आणि तिन्ही आरशात. वहिनी सकाळी न्हाणीघरासमोर टॉवेल घेऊन उभ्या राहत आणि मनातल्या मनात देवाशी भांडत. बायका नटतात म्हणून अख्खा जन्म टोमणे ऐकले, आता हे फेडतोयस का रे बाबा?

पण हे सगळं तोंडाने. आतली गोष्ट निराळी होती, आणि ती त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. त्यांना गिऱ्हाइकं गेल्याचं दुःख एवढं नव्हतं. त्या काहीबाही बोलत, नकला करत, कुणाची तरी टर उडवत, आणि तिरक्या डोळ्याने त्या भुवया चढायची वाट बघत. गेली इतकी वर्षं बोलायची चव त्या भुवयांत होती. आता आपण भिंतीशी बोलतो आहोत असं त्यांना वाटे. माणूस घरात आहे, ताटावर आहे, शेजारी झोपला आहे, आणि तरी दार लावून घेतल्यासारखा.

चार महिने झाले. कपाळ हललं नाही. पाचवा महिनाही गेला.

एका सकाळी वहिनींनी त्यांच्या चहात साखरेऐवजी चमचाभर मीठ घातलं आणि समोर बसल्या. निदान तोंड तरी वाकडं होईल. चष्मेवाल्यांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. कप अर्धा झाला.

"मीठ पडलंय वाटतं," ते म्हणाले. आज मंगळवार आहे वाटतं, असं म्हणावं तसं.

वहिनींना आधी हसू फुटलं. मग त्या कप उचलून मोरीशी गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तो एकच कप धूत राहिल्या. परत आल्या तेव्हा आवाज पुन्हा चढलेला होता.

"चला त्या डॉक्टरीणबाईकडे. विचारू तिला, हे काय घालून ठेवलंयस म्हणून."

"पोरगं एकदा रवाना होऊ दे. मग बघू."

"त्याच्या जाण्याचा आणि तुमच्या कपाळाचा काय संबंध?"

"होऊ दे रवाना," ते म्हणाले, आणि खिशात हात घालून दुकानात गेले.

कॅशिअर हात हलवत परत गेला त्या दिवशी मात्र वहिनींच्या संयमाचं पातेलं उतू गेलं. चिरंजीव परवा निघायचा होता. मागच्या खोलीत त्याच्या उघड्या बॅगा पसरल्या होत्या. तो तिथेच बसून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होता. वहिनींनी चप्पल घातली.

"आबा, उठा. तुमच्या चामखिळी काढून आणू. आजच."

"आजच?" आबा दचकले. "मुहूर्त तरी..."

"मुहूर्त मी आहे. उठा."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे पुरुष. वहिनींना आधी वाटलं, आपण चुकून न्हाव्याच्या दुकानात शिरलो. मिसरूड नीट न फुटलेला एक कॉलेजकुमार तोंडाला रुमाल बांधून बसला होता, जसा दरोडा घालायला आलाय. पस्तिशीतला एक सुटाबुटातला गृहस्थ डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर हात फिरवत फोनवर कुणाला तरी सांगत होता, की मी मीटिंगमध्ये आहे. पलीकडे एक निवृत्त वाटणारे गृहस्थ वर्तमानपत्र इतकं उंच धरून बसले होते, की वाचत नसून मागे लपलेत हे कुणालाही कळावं. त्यातलं एकही तोंड दुसऱ्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"काय हो," आबांनी त्या वर्तमानपत्राला मोठ्याने विचारलं, "तुमच्याही चामखिळी का?"

वर्तमानपत्र थरथरलं आणि आणखी वर गेलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला गोड. त्यांनी आबांना खुर्चीवर आडवं केलं, बधिर करणारं औषध लावलं, डोळ्यांवर जाड पट्टी ठेवली.

"दुखेल का गं, बाळ?"

"मुंगी चावल्यासारखं वाटेल, आजोबा."

"मुंगी चावते तेव्हा फी घेत नाही."

हातातलं उपकरण चरचरलं. कापूर विझल्यासारखा धूर निघाला. आबांनी हूं की चूं केलं नाही. वहिनी भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. एक चामखीळ गेली, दुसरी गेली, आणि त्यांना थांबवेना.

"डॉक्टर, तुमचं ते औषध चार महिन्यांत उतरतं म्हणता ना? आमच्याकडे सहावा लागलाय. अजून कपाळ दगडासारखं आहे. एवढं कसलं जालीम दिलंत?"

"कुणाला दिलं, काकू?"

"ह्यांना. चष्म्याच्या दुकानवाले. लेकाला घेऊन आले होते आणि स्वतःच टोचून घरी आले."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं उपकरण ट्रेमध्ये ठेवलं. आपल्या चष्म्याची दांडी चाचपली.

"हां, ते. आठवतात मला. म्हणाले होते, तुमच्या चष्म्याची डावी दांडी ढिली आहे, दुकानात या, मुलगा आवळून देईल." त्या वहिनींकडे वळल्या. "पण काकू, मी त्यांना सुई लावलीच नाही."

"असं कसं? त्याच संध्याकाळी घरी आले तर कपाळ सपाट!"

"ते औषध लागायलाच चार-पाच दिवस जातात. त्याच संध्याकाळी कसं होईल?"

वहिनींनी घातलेली हाताची घडी सुटली.

"बाहेर बसून कंटाळले होते," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "मीच गमतीने म्हटलं, काका, तुम्हीही बसा खुर्चीवर, तुमच्या वयाचे पुष्कळ येतात. बसले. आमची एक पद्धत असते, आधी चेहरा हलवून बघायचा. जो स्नायू हलतो, तिथे खूण करायची. त्यांना म्हटलं, रागवून दाखवा. ते म्हणाले, रागावलोय. म्हटलं, आता आश्चर्य वाटल्यासारखं करा. म्हणाले, तेच करतोय."

खुर्चीवर आबा निपचित पडले होते. धूर खिडकीकडे सरकत होता.

"मी त्यांच्यासमोर आरसा धरला. ते बराच वेळ बघत राहिले. मग मी विचारलं, हात थरथरतो का, चाल मंदावली आहे का, वास कमी येतो का. ते प्रत्येकाला हो म्हणत गेले. काकू, हे माझ्या विषयातलं नाही. पण कंपवाताची सुरुवात अशी होते. मी त्यांना नसांच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं. मुलगा नोकरीवर गेला की बायकोला घेऊन लगेच जातो, म्हणाले. नाहीतर पोरगं जायचं रद्द करून दुकानात बसेल म्हणाले." त्यांनी वर पाहिलं. "अजून गेले नाहीत का? औषधं आहेत त्यावर. वेळेत सुरू केली तर पुष्कळ फरक पडतो. तुम्हाला... त्यांनी सांगितलंय ना?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सांगितलंय की," त्या म्हणाल्या. "मीच विसरभोळी. तुम्ही आबांचं उरकून घ्या, डॉक्टर."

परतताना आबा गालाला मलम लावून पुढे चालले होते, झपझप, हातातली काठी नुसती हवेत. त्र्याऐंशीचा म्हातारा. वहिनी मागून त्या पावलांकडे बघत होत्या. मागच्या महिन्यात बाप-लेक असेच बाजारात गेले होते, आणि परत येताना आबा आधी पोचले होते. तेव्हा वहिनींनी दारातूनच आवाज दिला होता, नवरदेव कुठे राहिले म्हणून. सगळी गल्ली हसली होती.

दूध. स्क्रू. मीठ. 'काय? मोठ्याने बोला.' एकेक गोष्ट परत येऊन समोर उभी राहत होती आणि प्रत्येकीच्या तोंडात वहिनींचाच आवाज होता. भुवया तर त्याआधीपासूनच कमी कमी चढत होत्या; त्यांचं लक्ष गेलं ते त्या संध्याकाळी. टोचून आलात की काय, हेही त्यांनीच विचारलं होतं. चष्मेवाल्यांनी नुसतं हो म्हटलं. बायकोने चिडून फेकलेली गोधडी थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाने अंगावर ओढून घ्यावी तसं.

कोपऱ्यावर आबा थांबले.

"सूनबाई, पट्टी माझ्या डोळ्यांवर होती. कानांवर नव्हती."

वहिनींनी पदर सावरला.

"लहानपणी पडला की उठून आधी कपडे झाडायचा. मग बघायचा, कुणी पाहिलं का. कुणी पाहिलं नसेल तर रडायचाच नाही." आबांनी काठी टेकली. आता प्रथमच तिच्यावर भार दिला. "गाढव आहे. माझ्यावर गेलाय."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "आणि घरात काही बोलू नका. परवापर्यंत."

"मला काय कळतं? मी आपला चामखिळी काढायला गेलो होतो."

दुकानात कॅशिअर परत आला होता. दुसऱ्या दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आपले पाय मागे फिरले, असं तो चष्मेवाल्यांना सांगत होता. तीच जाड काळी फ्रेम त्याच्या नाकावर होती आणि तो त्याच चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. चष्मेवाले खिशात हात घालून उभे. मागच्या खोलीतून चिरंजीव बॅगेची चेन ओढत असल्याचा आवाज येत होता.

वहिनी गल्ल्याशी गेल्या नाहीत. काउंटरला वळसा घालून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ, की खांद्याला खांदा लागावा.

"काय वाटतं?" त्यांनी हळूच विचारलं.

चष्मेवाल्यांनी मान वळवायला वेळ घेतला.

"रुंद आहे," ते म्हणाले. "कपाळ आखूड दिसतंय त्याचं."

"मग मघाशी चांगला आहे म्हणालात?"

"तू वाट बघत होतीस. काहीतरी म्हणायला हवं होतं."

वहिनींनी नाक जोरात ओढलं.

"रुंद आहे हो," त्या कॅशिअरला ठणकावून म्हणाल्या. "मघाशी ह्यांचं लक्ष नव्हतं. कपाळ आखूड दिसतंय तुमचं. काढा. ती तपकिरी घालून बघा."

तपकिरी फ्रेम नाकावर चढली. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या ओठांशी कान नेला, आणि मग म्हणाल्या, "ही तुमचीच. वाद नको."

"देवाने पाठवलं तुम्हाला, वहिनी," कॅशिअर म्हणाला. "ह्यांचा चेहरा हल्ली परीक्षेच्या पेपरसारखा झालाय. काही लिहिलेलंच नसतं."

तो नंबर देऊन गेला. आबा गालावरचं मलम सांभाळत खुर्चीत टेकले आणि लगेच डोळे मिटून झोपी गेल्यासारखे झाले.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आबांच्या दोन्ही निघाल्या."

"आणि?"

वहिनी काचेवरच्या फ्रेमा उगाच सरळ करत होत्या. एक उचलायची, पुसायची, तिथेच ठेवायची.

"आणि काय? म्हणाल्या, तुमचं औषध फार हट्टी आहे. घेणारा हट्टी, तसं औषध. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. परवा पोराला गाडीत बसवायचं आणि स्टेशनावरून तसंच पुढे जायचं. दोघांनी."

"दुकान?"

"कुलूप."

चष्मेवाले त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावर काही उमटलं नाही. भुवया होत्या तिथेच होत्या. वहिनींनी या वेळी त्यांची वाटही पाहिली नाही.

"आणि काढा तो हात बाहेर," त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच वैतागाने. "सहा महिने झाले, खिशाला भोक पडेल. घरच्या माणसांपुढे कसली ऐट?"

बऱ्याच वेळाने चष्मेवाल्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. त्यांनी तो काउंटरच्या काचेवर ठेवला. आणि काचेवर ओळीने मांडलेले चष्मे हळूहळू, अगदी बारीक आवाजात, किणकिणू लागले.

"आई," आतून चिरंजीवाने विचारलं, "कसला आवाज येतोय गं?"

वहिनींनी आपला तळहात त्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. किणकिण कमी झाली. पुरती थांबली नाही.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "ड्रॉवर नीट लागला नव्हता. तू तुझं आवर."